हिरडीची पेशी नेमकी कशाला शिवते?

कीड लागून दाढेच्या माथ्यावर पडलेला खड्डा भरताना भरणाचा पदार्थ आणि हिरडी यांची गाठ पडत नाही. परंतु कीड दोन दाढांमधल्या फटीतून खाली उतरलेली असेल, किंवा दात हिरडीतून वर येतो त्या जागी, ज्या भागाला दंतवैद्य दाताची मान म्हणतात तेथे, आडव्या घासण्याने खाच पडलेली असेल, तर भरणाची खालची कड हिरडीला टेकते आणि पुष्कळदा तिच्या आडही जाते. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मशेरी बोटाने दात-हिरड्यांवर घासण्याची सवय ज्या घरांत टिकून आहे, तेथे खाली सरकलेली हिरडी, उघडे पडलेले मूळ आणि मानेशी झिजलेला दात हे दृश्य दंतवैद्यांच्या चांगल्या ओळखीचे असते. अशा खाचेत भरलेला पदार्थ टिकेल तितके दिवस हिरडीच्या शेजारानेच राहतो. हा शेजार हिरडीच्या पेशींना मानवतो का, या प्रश्नाचा शोध दोन वेगवेगळ्या पेशांतील माणसे दोन टोकांनी घेत आली आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत.

त्या दोन भूमिका येथे दोन पात्रांच्या तोंडी दिल्या आहेत. एक पात्र दंत महाविद्यालयात हिरडीरोगशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचे आहे. महाविद्यालयांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना सारे ‘बाई’ म्हणतात. दुसरे पात्र पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकाचे आहे. त्यांच्याजवळ पीएचडी असल्याने बाई त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात, पण त्या संबोधनात किंचित खोच असते, कारण त्यांनी कोणाच्या तोंडात कधी डोकावलेले नाही. ही पात्रे विशिष्ट व्यक्तींवरून घेतलेली नाहीत.

वादाला तोंड संशोधकांनी फोडले. त्यांचे म्हणणे असे की, भरण म्हणजे दातात बसवलेला दगड, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आज सर्वाधिक वापरले जाणारे दाताच्या रंगाचे भरण, म्हणजे कंपोझिट, हे काचेसारख्या बारीक कणांचे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनचे मिश्रण असते. या रेझिनचा मूळ रेणू, बिस-जीएमए, अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी घडवला आणि त्याचे पेटंट त्यांना 1962 साली मिळाले. हा रेणू इतका चिकट आणि घट्ट असतो की त्यात पातळपणा आणण्यासाठी टेगडीएमए नावाचा लहान रेणू मिसळावा लागतो, आणि भरण दाताला चिकटावे म्हणून आधी जो द्रव लावतात त्यात बहुधा हेमा हा त्याहून लहान, पाण्यात सहज विरघळणारा रेणू असतो. हे सारे सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, निळ्या दिव्याचा प्रकाश पडताच एकमेकांचे हात धरून जाळे विणतात. “मात्र ते जाळे कधीच पुरे विणले जात नाही, बाई,” असे सांगून संशोधकांनी आकडा ठेवला : जुळण्याजोग्या बंधांपैकी साधारण अर्ध्यापासून पाऊणपर्यंतच प्रत्यक्ष जुळतात. उरलेल्यांपैकी बहुतेक बंध जाळ्याला एका टोकाने लटकून राहिलेल्या रेणूंचे असतात आणि ते कोठे जात नाहीत. थोडे रेणू मात्र पूर्ण मोकळे राहतात, आणि ते लाळेत व हिरडीच्या द्रवात झिरपतात. झिरपण्याचा जोर पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत अधिक असतो.

झिरपलेल्या रेणूचे पेशीत काय होते, याविषयी प्रयोगशाळेला बरेच काही ठाऊक आहे. पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचा एक लहान रेणू असतो, जो ऑक्सिजनच्या घातक रूपांना निकामी करण्यासाठी स्वतः खर्ची पडतो. घरात आग विझवण्यासाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या पिंपासारखे त्याचे काम असते. टेगडीएमए आणि हेमा यांचा दुहेरी बंध नेमका या ग्लुटाथायोनच्या गंधकाला जाऊन चिकटतो, त्यामुळे पिंप रिकामे होते, आणि पेशीच्या नेहमीच्या श्वसनात उठणाऱ्या ठिणग्याही मग विझेनाशा होतात. पुढे डीएनएला इजा, पेशीविभाजनाला खीळ आणि अखेरीस पेशीचा मृत्यू, असा क्रम लागतो. ग्लुटाथायोनची भरपाई करणारे एन-अॅसिटिल सिस्टीन हे औषध सोबत दिले तर पेशी मोठ्या प्रमाणात वाचतात, आणि हाच या क्रमाचा सर्वांत ठोस पुरावा मानला जातो. जर्मनीतील हानोव्हर येथे गेउर्टसेन आणि सहकाऱ्यांनी 1998 साली रेझिनमधले तब्बल 35 घटक उंदराच्या एका पेशीवाणावर आणि माणसाच्या हिरडी, दातातला मगज व दाताला हाडाशी बांधणारे बंध यांतून घेतलेल्या पेशींवर तपासले, तेव्हा घटकाघटकांत विषारीपणाचा फरक अनेक पटींचा निघाला. येथे एक गमतीची गुंतागुंत आहे. रेणूस रेणू तोलला तर बिस-जीएमए हा टेगडीएमए व हेमा यांच्याहून अधिक विषारी ठरतो, पण तो अंगाने मोठा आणि पाण्याला नाखूश असल्याने फारसा बाहेर पडत नाही. हेमा त्या मानाने सौम्य, पण तोच पुढे धावतो.

या मांडणीला बाईंनी लगेच विरोध केला नाही. त्यांनी आधी विचारले की या पेशी ताटलीत येतात कशा. संशोधकांनी सांगितलेली पद्धत सरळ होती. दात काढताना किंवा हिरडी छाटताना निघालेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निर्जंतुक पात्रात घेऊन त्याचे बारीक काप करतात, ते प्लास्टिकच्या ताटलीच्या तळाला चिकटवतात आणि त्यांवर गुलाबी-लाल पोषकद्रव ओततात. 37 अंश सेल्सियसच्या उबेत काही दिवस गेले की तुकड्याच्या कडेतून चातीसारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी रांगत बाहेर येतात आणि पुढे माशांच्या थव्यासारख्या एकाच दिशेला तोंड करून ताटली भरून टाकतात. या तंतुजनक पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात; हिरडीला घट्टपणा देणारे कोलॅजनचे धागे त्याच विणतात. भरणाच्या पदार्थाची गोल चकती एक दिवस पोषकद्रवात भिजवायची, तो द्रव या पेशींना पाजायचा, आणि मग एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालायचे. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, आणि जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जगल्या असे धरायचे. वैद्यकीय साहित्याच्या तपासणीसाठीच्या आयएसओ 10993 या मानकाच्या पाचव्या भागात, 2009 च्या आवृत्तीप्रमाणे, हे प्रमाण अस्पर्श पेशींच्या 70 टक्क्यांखाली गेले तर पदार्थ पेशींना घातक ठरू शकतो असे समजतात.

“म्हणजे डॉक्टर, तुम्ही हिरडीची जी पेशी तपासता, ती भरणाला कधी शिवतच नाही,” असा बाईंचा पहिला घाव होता, आणि तो वर्मी बसला. निरोगी हिरडीत दाताच्या पृष्ठभागाला चिकटून असते ती उपकला, म्हणजे आच्छादन करणाऱ्या पेशींचा थर. फायब्रोब्लास्ट त्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला राहतात. दाताला बिलगणाऱ्या या थराला जोड-उपकला म्हणतात, आणि तिच्या पेशी इतक्या झपाट्याने बदलतात की माकडांतील मोजणीप्रमाणे सगळा थर चार ते सहा दिवसांत नवा होतो. शिवाय दात आणि हिरडी यांमधल्या खाचेतून रक्तातून गाळलेला द्रव सतत बाहेर वाहत असतो, बाहेरून लाळ धूत असते. ताटलीत मात्र तोच द्रव चोवीस तास त्याच पेशींच्या अंगावर साचून राहतो, आणि त्या पेशींना ना रक्तपुरवठा, ना शेजार, ना पळून जायला वाट. बाईंच्या मते अशा ताटलीवरून हिरडीविषयी बोलणे म्हणजे बंद खोलीत कोंडलेल्या माणसावरून गावाच्या हवेविषयी बोलण्यासारखे आहे.

त्यांनी दिलेले उदाहरण घराघरांत ओळखीचे होते. लवंगेच्या तेलातले युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे सिमेंट पेशीसंवर्धनात अत्यंत घातक ठरते, आणि तरीही ठणकणाऱ्या दाताला शांत करण्यासाठी तेच सिमेंट दंतवैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरले, कारण दाताच्या आतल्या डेंटिन या थरातून पाझरताना युजेनॉलचे प्रमाण इतके कमी होते की मगजापर्यंत पोहोचतो तो केवळ त्याचा शामक अंश. ताटलीचा निकाल मानला असता तर हा उपाय पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

संशोधकांनी हे उदाहरण उलटवले, आणि येथे त्यांची बाजू भक्कम होती. मगजाला डेंटिनची भिंत आहे, हिरडीला ती नाही. त्याच युजेनॉलचा लेप 1923 पासून हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेवर पट्टीसारखा थापला जाऊ लागला, आणि पुढे त्यातून युजेनॉलच काढून टाकावे लागले, कारण ते ऊतकाला झोंबते आणि काहींना त्याची अॅलर्जी होते. म्हणजे ताटलीने दिलेला इशारा एका जागी खोटा ठरला, तर दुसऱ्या जागी खरा. जोड-उपकलेचेही तसेच आहे, असे त्यांनी पुढे मांडले : तिच्या पेशींमधली अंतरे मोठी असतात, आतला द्रव त्यांतूनच बाहेर येतो, आणि ज्या वाटेने द्रव बाहेर येतो त्या वाटेने लहान रेणू आत जाऊ शकतो. फायब्रोब्लास्ट भरणाला शिवत नसेल, पण भरणातून सुटलेला हेमा फायब्रोब्लास्टला शिवतो.

शेवटी त्यांनी एक बोचरी आठवण करून दिली. मेथॅक्रिलेट गटातल्या या मोनोमरचा त्रास सर्वांत ठळकपणे कोणाला झाला असेल, तर तो दंतवैद्यांना आणि त्यांच्या मदतनिसांना. हे रेणू लॅटेक्सच्या हातमोज्यांतून काही मिनिटांत पार होतात, आणि बोटांची टोके फाटून सोलवटणे हा या व्यवसायातला नोंदला गेलेला विकार आहे. “ज्या हातांना हा पदार्थ बाधतो, बाई, त्याच हातांनी हिरडीला तो बाधत नाही अशी ग्वाही देणे कितपत रास्त आहे?”

बाईंनी या प्रश्नाला सरळ उत्तर न देता 1965 सालच्या एका प्रयोगाकडे बोट दाखवले. डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा नीट घासणे सुरू करताच साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. सूज आणायला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, पुरेसा होता. कोणत्याही भरणाची गरज नव्हती. त्याहून विलक्षण पुरावा 1973 सालचा आहे. लिस्टगार्टन आणि एलेगार्ड यांनी माकडांच्या दातांवरचे किटण, म्हणजे प्लाक दगडासारखा घट्ट होऊन बनलेला थर, न काढता त्यावरचे जिवाणू क्लोरहेक्सिडिनने मारले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा जोड-उपकलेच्या पेशी त्या किटणालाच आपल्या सूक्ष्म बटणांनी जोडल्या गेलेल्या आढळल्या. या बटणांना हेमिडेस्मोसोम म्हणतात, आणि निरोगी दाताच्या पृष्ठभागालाही पेशी त्यांनीच चिकटतात. ज्या किटणाला हिरडीचा शत्रू म्हणून रोज खरवडून काढले जाते, त्याचाही पेशीला तिटकारा नसतो. तिला तिटकारा असतो तो त्यावर राहणाऱ्यांचा. मग कंपोझिट, काचेचे सिमेंट किंवा सोने यांत पेशी भेद कशाला करेल, असा बाईंचा सवाल होता.

या टप्प्यावर वादाला अनपेक्षित वळण मिळाले, कारण संशोधकांनी बाईंच्याच मुद्द्याला आपल्या शास्त्राची पुस्ती जोडली. पेशी कोणत्याही पदार्थाला थेट शिवत नाही, हे पेशीशास्त्राचेही म्हणणे आहे. कोणताही पृष्ठभाग लाळेत किंवा रक्तद्रवात बुडाला की काही क्षणांतच त्यावर प्रथिनांचा अदृश्य पापुद्रा बसतो, आणि पेशी आपल्या अंगावरच्या इंटिग्रिन या पकडींनी त्या पापुद्र्यातल्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना धरते. पदार्थाचा प्रभाव पडतो तो आडून : पृष्ठभाग पाण्याला ओढून घेणारा आहे की झटकणारा, त्यावर कोणता विद्युतभार आहे, यावर कोणते प्रथिन बसेल आणि ते कोणत्या बाजूने उघडे राहील हे ठरते. पृष्ठभागावर बारीक चऱ्या असतील तर फायब्रोब्लास्ट त्यांच्या रेषेत लांबट होतात, जणू नांगराच्या तासात पाणी चालावे तसे. म्हणून काच-सिमेंटाच्या भरणावर वाढणाऱ्या आणि कंपोझिटवर वाढणाऱ्या पेशींचा आकार वेगळा दिसतो, आणि हा फरक केवळ विषाचा नसतो.

काच-सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर, याविषयी दोघांनी फार वेळ घालवला नाही. लंडनमधील सरकारी रसायनशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी 1960 च्या दशकाअखेर शोधलेले हे सिमेंट आम्ल आणि काचेची पूड यांच्या अभिक्रियेने घट्ट होते, दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. ताजे असताना ते आम्लधर्मी असते. पुरते घट्ट झाल्यावर पेशी त्याच्याजवळ बऱ्यापैकी नांदतात. पुढे त्यात रेझिन मिसळून मजबुती आणली गेली, आणि त्या मजबुतीबरोबर हेमाही आला, एवढी नोंद संशोधकांनी केली व बाईंनी ती मान्य केली.

चांदीवर मात्र दोघेही रेंगाळले. सामान्य बोलीत दाढेत ‘चांदी भरली’ म्हणतात त्या अमाल्गमच्या वजनात जवळजवळ निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबे. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा आणणारा मिनामाता करार 2013 साली झाला, त्यात अमाल्गम टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले, आणि युरोपीय संघाने जानेवारी 2025 पासून त्याचा वापर मोजके वैद्यकीय अपवाद सोडून बंद केला. पण या निर्णयांमागे मुख्य काळजी पर्यावरणाची होती. हिरडीत अमाल्गमचे जे घडते ते वेगळेच आहे. भरण करताना किंवा घासून काढताना त्याचे कण कधी हिरडीत रुततात आणि तेथे निळसर-करडा डाग उमटतो, जणू गोंदण. असा डाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर चांदीचे काळपट कण कोलॅजनच्या धाग्यांच्या कडेने आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती ओळीने बसलेले दिसतात, आणि आसपास पुष्कळदा दाहाची खूण जवळपास नसते. “वर्षानुवर्षे धातू अंगात घेऊन ही हिरडी शांत आहे,” असे बाई म्हणाल्या. संशोधकांनी त्यावर हे नोंदवले की त्याच अमाल्गमच्या समोर गालाच्या आतल्या त्वचेवर काहींना पांढऱ्या जाळीसारखे चट्टे उठतात, जे भरण बदलल्यावर अनेकदा जातात. ती उशिरा उमटणारी अॅलर्जी असते. बहुतेकांची हिरडी शांत राहते आणि मोजक्यांची राहत नाही, हे दोन्ही खरे आहे, आणि या ‘मोजक्यां’विषयी ताटलीतल्या पेशींना काही सांगता येत नाही, कारण त्या पेशींना रोगप्रतिकारसंस्था नसते. हा उणेपणा संशोधकांनी आपण होऊन कबूल केला. त्यांच्या बाजूचा हा सर्वांत प्रामाणिक क्षण म्हणावा लागेल.

बाईंच्या बाजूलाही असा क्षण आला, तो जिवाणूंच्याच वाटेने. भरण निर्जीव आणि प्लाक सजीव, म्हणून दोष प्लाकचा, ही त्यांची विभागणी टोरांटो येथे झालेल्या संशोधनाने ढिली केली आहे. लाळेत आणि दाहाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींत एस्टरेज जातीची विकरे असतात, म्हणजे एस्टर नावाचे बंध तोडणारी एन्झाइम्स, आणि कंपोझिटच्या जाळ्यातले पुष्कळ बंध नेमके एस्टर असतात. त्यामुळे जाळे वर्षांगणिक झिजते, त्यातून बाहेर पडणारे तुकडे मूळ मोनोमरहून वेगळे असतात, आणि टेगडीएमएपासून सुटणारे ट्रायएथिलीन ग्लायकॉल हे दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूच्या वाढीला हातभार लावते असे आढळले आहे. त्या जिवाणूजवळही भरण झिजवणारी एस्टरेजे असतात. म्हणजे जिवाणू भरण खातो आणि भरण जिवाणूला पोसते. बाईंनी थोडा विचार करून एवढेच म्हटले की, मग प्लाक आणि पदार्थ ही दोन वेगळी नावे ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. कडेशी जे आहे ते दोघांचे मिळून आहे.

मात्र तेवढ्याने त्या थांबल्या नाहीत. त्यांचा खरा रोख कारखान्यावर नव्हता, प्रयोगशाळेवरही नव्हता. तो हातावर होता. कंपोझिट घट्ट होताना त्याचा हवेला लागलेला वरचा पापुद्रा कच्चाच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन जुळणीची साखळी तोडतो. हा बोटाला चिकट लागणारा पापुद्रा म्हणजे मोनोमरचे उघडे कोठारच. तो घासून काढला, किंवा शेवटचा प्रकाश देण्याआधी वरून ग्लिसरीनचा थर देऊन हवा अडवली, तर हे कोठार राहत नाही. पण दोन दाढांच्या मध्ये, हिरडीच्या कडेशी, जेथे पॉलिशची चकती पोहोचत नाही, तेथेच तो मागे उरण्याची भीती असते. दुसरी गोष्ट खडबडीतपणाची. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा 0.2 मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाच्या, खाली आला की आणखी गुळगुळीत करून जिवाणू कमी होत नाहीत, पण त्याच्या वर ते वाढत्या प्रमाणात थारा धरतात. आणि तिसरी गोष्ट, जी बाईंच्या मते या सगळ्यांवर मात करते, ती बाहेर डोकावणाऱ्या कडेची. दाढांमध्ये पत्र्याची पट्टी बसवून, खालून पाचर मारून तिला दाताशी घट्ट दाबले नाही, तर भरण खाली ओघळते आणि हिरडीवर छज्ज्यासारखे लोंबते. दातांमधून दोरा ओढला की तो तेथे अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. हिरडी तपासण्याच्या प्रोबचे टोक हळूच आत घातले की त्यामागोमाग रक्ताचा एक थेंब वर येतो. “त्या छज्ज्याखाली कंपोझिट आहे की सोने, हे तो थेंब सांगत नाही, डॉक्टर.”

हाडाच्या जवळिकीचा मुद्दाही त्यांनी याच संदर्भात आणला. 1961 साली गार्गिउलो आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या जबड्यांवर घेतलेल्या मोजमापांप्रमाणे जोड-उपकलेची उंची सरासरी 0.97 मिलिमीटर आणि तिच्या खाली तंतूंच्या बंधाची 1.07 मिलिमीटर भरते; मिळून सुमारे दोन मिलिमीटरची ही पट्टी हिरडी हाडाच्या वर राखून ठेवते. भरणाची कड या पट्टीत घुसली तर दाह टिकून राहतो आणि हाड मागे सरून आपली जागा पुन्हा मिळवू पाहते. डिएत्शी आणि स्प्रेआफिको यांनी 1998 साली मांडलेली, खोल गेलेली कड कंपोझिटने वर उचलून आणण्याची पद्धत अलीकडे बरीच रूढ झाली आहे, आणि ती यशस्वी होते ती ही पट्टी सोडूनच. संशोधकांनी येथे विचारले की, हाडापासून अंतर राखूनही मोनोमर त्या पट्टीत झिरपत असेल तर? बाईंनी उत्तर दिले की झिरपत असेलही, पण कड गुळगुळीत आणि सलग असेल, व रुग्ण तेथे ब्रश नीट फिरवत असेल, तर हिरडी त्याला तोंड देते. कड खराब असेल तर विषारीपणात शून्य भरलेला पदार्थही तिला वाचवत नाही.

यानंतर दोघांचा वाद प्रयोग कसा करावा यावर येऊन ठेपला. संशोधकांच्या नेहमीच्या पद्धतीत चकती साच्यात दाबून, दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म लावून, दिवा अगदी टेकवून घट्ट केली जाते. त्यामुळे कच्चा पापुद्रा राहत नाही आणि प्रकाश पुरेपूर मिळतो. बाईंनी या चकतीला ‘पाहुण्यांसाठी काढलेली’ असे नाव दिले. त्यांच्या अनुभवात दाढेच्या खोल खड्ड्याचा तळ दिव्यापासून सात-आठ मिलिमीटर दूर असतो, दिव्याची धार तेथे मंदावलेली असते, हिरडीतून ओल येत असते, रबराचा पडदा लावूनही खालची कड कधी कधी भिजते. चकती त्याच अंतरावरून, फिल्मशिवाय, लाळेचा स्पर्श होऊ देऊन घट्ट करावी, आणि मगच ती पेशींपुढे ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. संशोधकांची हरकत तत्त्वाची होती : तसे केले तर निकाल पदार्थाचा राहणार नाही, हाताचा होईल, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. बाईंना ती हरकत मान्य होती. फक्त हिरडीला हातावेगळा पदार्थ कधी भेटतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

अखेरीस तडजोड अशी ठरली की दोन्ही चकत्या करायच्या, एक पाहुण्यांसाठीची आणि एक खड्ड्याच्या तळातली, आणि त्या केवळ फायब्रोब्लास्टवर न ठेवता वर उपकलेचा थर चढवलेल्या कृत्रिम हिरडीवर ठेवायच्या. बाईंनी तिसरी चकती सुचवली, जिच्यावर जिवाणूंचा थर आधीच बसलेला असेल. संशोधकांनी डोके हलवले. जिवाणू सोडले की दुसऱ्या दिवशी पोषकद्रवाचा लाल रंग आम्लामुळे पिवळा पडतो, पेशी आम्लाने मरतात की मोनोमरने हे वेगळे काढता येत नाही, आणि सगळी ताटली फेकून द्यावी लागते. बाईंनी शांतपणे सांगितले की तोंडातही ते वेगळे काढता येत नाही. तिसऱ्या चकतीची जागा कागदावर रिकामी ठेवण्यात आली आहे.